हे गेले

माझे वडील एका मंगळवारी वारले. त्या वेळी ते जबल अली बंदरातल्या एका गोदामात, चुकीच्या गाळ्यात लागलेल्या कंटेनरवरून कुणाशी तरी भांडत होते. आपण वारलोय हे त्यांना दुपारी कळलं. गोदामात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

झालं असं की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छायाकाकूंनी सकाळी विचारलं, "उपेंद्रराव आहेत का घरी? मंडळाच्या स्टोअरची किल्ली हवी होती." उपेंद्र म्हणजे माझे बाबा. आई ग्रुपवर नवऱ्याचं नाव घेत नाही. घरी घेते, तेही शेजारच्या फ्लॅटला ऐकू जाईल असं, पण ग्रुपवर नाही. तिने लिहिलं, "हे गेले. पहाटेच. डबासुद्धा इथेच राहिला." मग फोन चार्जिंगला लावला आणि ती आंघोळीला गेली.

मराठीत 'गेले'चे दोन अर्थ आहेत. दोन्हींमध्ये माणूस घरी नसतो.

पहिला मेसेज "अरेरे" असा होता. मग जोडलेले हात आले, मग भावपूर्ण श्रद्धांजली, मग फार भावपूर्ण श्रद्धांजली. एका गृहस्थांनी लिहिलं की 'डबासुद्धा इथेच राहिला' हे वाचून त्यांना ऑफिसच्या पॅन्ट्रीत हुंदका आला आणि बॉसने हाफ डे दिला. आईचे केस वाळेपर्यंत वैभवीने बॅनर तयार केला. वैभवी शाळेत माझ्या वर्गात होती, आता मंडळाचं सोशल मीडिया बघते. बाबांचा फोटो तिच्याकडे होताच, कारण बाबा या वर्षी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे होते. पोस्टरवर 'आपला माणूस, आपलं मत' असं होतं. तिने 'आपलं मत' पुसलं, काळी चौकट टाकली, 'आपला माणूस' तसंच ठेवलं.

आमच्या मंडळाचं अध्यक्षपद म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. गणपतीत माईक मिळतो आणि पार्किंगला कुणी हटकत नाही. पण बाबांना ते मोठं होतं. आयुष्याचा निम्मा भाग त्यांनी इथे आखातात काढला. इथे आपल्याला मत नसतं, आणि तिकडच्या निवडणुकीला तिकीट काढून जायचं म्हणजे माणशी हजार दिरहॅम, म्हणजे चोवीस हजार रुपये, एका बोटाला शाई लावायला. तेव्हा मत द्यायची एकच जागा उरते, ती मंडळ. मंडळाचे नियम बाबांनीच लिहिले, आणि सभेत कुणी चुकलं की ते नियम पाठ म्हणून दाखवतात. त्यामुळे त्यांच्या निधनाने काही लोकांना जरा मोकळंही वाटलं असावं.

त्यांच्याविरुद्ध उभे होते शैलेंद्रकाका, छायाकाकूंचे यजमान. काका प्रॉपर्टीत आहेत. अजून न बांधलेले फ्लॅट विकतात. भांडण एकाच गोष्टीवरून होतं: मंडळात मतदान कसं घ्यायचं. बाबांना चिठ्ठ्या हव्या होत्या, घडी घातलेल्या. काकांना व्हॉट्सॲपचा पोल हवा होता, कारण तो पारदर्शक असतो. कुणी कशावर टिक केली ते नावानिशी, फोटोनिशी दिसतं. बाबा म्हणत, माणूस एकटा असला की खरं बोलतो. काका म्हणत, एकटा माणूस कशाला हवाय? मंडळ आहे ना.

दुपारी बाबांनी लॉकर उघडला. स्वतःचा फोटो बघून ते "बरा आलाय" म्हणाले, मग चौकट बघितली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मी आहे. जबल अलीला आहे. स्मिताच्या मेसेजचा गैरसमज झालाय."

मग शैलेंद्रकाकांनी लिहिलं, "उपेंद्ररावांच्या फोनवरून कोण लिहितंय माहीत नाही. अशा दुःखद प्रसंगी सायबर फ्रॉडपासून सावध राहावं. कुणीही ओटीपी देऊ नये."

बाबांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तो एआयचा निघाला. त्यांनी व्हिडिओ पाठवला. त्यावर एका ताईंनी लिहिलं की हल्ली हेही करता येतं, आणि कानाजवळ बघा, कान नीट जमलेला नाही. बाबांचे कान खरंच तसे आहेत. माझेही.

मला हे सगळं प्रचंड आवडलं. आधी सांगून ठेवतो, पहिले दोन दिवस मी हसतच होतो.

संध्याकाळी बेल वाजली. दार बाबांनीच उघडलं. बाहेर शैलेंद्रकाका आणि छायाकाकू उभे होते. काकूंच्या हातात डबा होता, कारण ज्या घरात माणूस जातो तिथे चूल पेटत नाही, पिठलं-भात बाहेरून द्यायचा असतो.

"कसं झालं हो अचानक?" काकूंनी सवयीने विचारलं.

"काय कसं झालं?" बाबा म्हणाले.

"अगं बाई! अहो, हे तर..."

"छाया," काका हळूच म्हणाले, "भावनेच्या भरात काही बोलू नकोस." त्यांनी बाबांकडे नीट पाहिलं, सॅम्पल फ्लॅट बघावा तसं. "उपेंद्रराव, राग मानू नका. पण ग्रुपवर आता दोन मतं आहेत."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

"अरे शैलेंद्र, मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"हे एक मत झालं," काका समजुतीने म्हणाले. "मी ते ग्रुपवर जरूर मांडीन. मी स्वतः असं म्हणतच नाही की तुम्ही गेलात. मी एवढंच म्हणतो की लोकांना प्रश्न पडलाय. आणि लोकांना प्रश्न पडला तर आपण कोण नाही म्हणणारे?"

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"पिठलं आणलंच आहे तर ठेवते," काकू म्हणाल्या.

पिठलं झकास झालं होतं. बाबांनी दोनदा घेतलं. दुसऱ्या दिवशी तेही त्यांच्या अंगाशी आलं: जिवंत माणूस स्वतःच्या सुतकाचं पिठलं मागून घेईल का?

दुसरा पुरावा भाषेचा होता, आणि तो जास्त भारी होता. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं की आपल्याकडे घरातून निघणारा माणूस कधी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. निघालेल्या माणसालाही आपण 'गेले' म्हणत नाही, 'बाहेर पडले' म्हणतो, कारण ते अशुभ. स्मिताताई पुण्याच्या. त्यांना हे माहीत नसेल? यावर सगळ्यांनी अंगठे टाकले. शैलेंद्रकाकांनी आईला फोन केला आणि स्पीकरवर टाकला. ऐकणारे आणखी कोण होते ते कळलं नाही, पण कुणीतरी सारखं खोकत होतं.

"वहिनी, 'हे गेले' असं तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो, पण कामाला गेले."

"'कामाला' हा शब्द मेसेजमध्ये आहे का?"

"नाही, पण..."

"तुम्ही जे लिहिलंत तेवढंच आम्ही धरतो, वहिनी. आम्ही पदरचं काही घालत नाही."

आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि नुसतीच उभी राहिली. मग म्हणाली, "नीरव, माझ्या तोंडून असं कसं गेलं रे?"

"आई, you typed it," मी म्हणालो. विनोद होता. ती रडली.

त्याच दिवशी पोल आला. 'उपेंद्र सर आपल्यात आहेत का?' खाली तीन पर्याय: हो, नाही, माझं मत राखून ठेवतो. बाबांनी 'हो'वर टिक केली. आईने केली. मी सहसभासद, मला मत नाही. मग आणखी कुणीतरी 'हो' केलं, दोन मिनिटांत काढलं, आणि 'राखून ठेवतो' केलं. त्यानंतर 'नाही'ची हिरवी पट्टी लांब लांब होत गेली. कुणाकुणाचे फोटो होते त्यात! ज्यांच्याबरोबर बाबा रोज कार-लिफ्टने, म्हणजे वाटणीच्या गाडीने, जबल अलीला जातात ते दोघे होते. ते दोघे त्या वेळी त्याच गाडीत, बाबांच्या शेजारी बसून टिक करत होते. बाबा म्हणाले, "अरे, निदान मी उतरेपर्यंत तरी थांबा." एक जण ओशाळून म्हणाला, "सर, पोल सातला बंद होतोय."

पोल बंद झाल्यावर बाबांना ग्रुपमधून काढलं. मृत सभासदाचा नंबर ग्रुपमध्ये ठेवणं सुरक्षित नाही, असं कारण दिलं. वर एक गुलाब.

वैभवीला मी आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात गाठलं. "तू 'नाही' का केलंस?"

"यार, सगळ्यांना दिसतं ना. माझा व्हिसा कुणाच्या कंपनीवर आहे माहितीये? शैलेंद्र सरांच्या मेव्हण्याच्या."

"पण तू काल बाबांबरोबर लिफ्टमधून वर आलीस."

"हो ना. माझ्या पिशव्या धरल्या त्यांनी. किती गोड आहेत." ती चहाचा कप फिरवत राहिली. "म्हणजे, होते."

"वैभवी."

"हे बघ, माझं मत वेगळं आहे आणि मी दिलेलं मत वेगळं आहे. ओके? मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, त्याला मी काय करू?"

शेवटी ती जाताना म्हणाली, "नीरव, तू ग्रुपवर जोक टाकू नकोस. सर विचारत होते, हा मुलगा कुणाचा म्हणून."

"मला लहानपणापासून ओळखतात ते!"

"हो. तरी विचारत होते."

तिथून माझं हसू कमी होत गेलं.

शनिवारी बाबांचं कार्ड गोदामाच्या गेटवर चाललं नाही. मंडळातल्याच कुणीतरी, चांगल्या मनाने, कंपनीच्या एचआरला शोकसंदेश पाठवला होता. गेटवरच्या मोईनने तीनदा कार्ड लावून पाहिलं. "सर, सिस्टम में आप एक्सपायर हो."

"कार्ड एक्सपायर हो गया?"

"नहीं सर, कार्ड तो ठीक है."

कंपनीने तासाभरात दुरुस्त केलं. बाबांचा एमिरेट्स आयडी बघितला, चेहरा बघितला, सॉरी म्हणाले, खलास. कंपनीत मतदान नसतं. बाबा घरी येऊन हेच सांगत बसले. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या बाजूने ते बोलले, तिच्याशिवाय चालणाऱ्या जागेत ते जिवंत होते.

"सोडा ना ते मंडळ," मी म्हणालो. "यल्ला, चला, दुसरं काढू."

"मी सोडलं तर ते खरे ठरतील," बाबा म्हणाले. "म्हणतील, बघा, गेले."

"मग काय करणार?"

"रविवारी सभा आहे. सभेला जाणार. समोरासमोर बोललं की लोक ऐकतात. तिथे मला मत आहे, नीरव. ते कुणी दिलेलं नाही, मी सभासद आहे म्हणून आहे. ते असलं की झालं, अध्यक्ष कुणीही होवो."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने दाराशी त्यांना "येतो म्हणा" असं तीनदा सांगितलं, खरं तर ती स्वतःही बरोबरच निघाली होती.

सभा करामा भागातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होती. स्टेजवर बाबांचा फोटो, त्याला खऱ्या फुलांचा हार. बाबा दुसऱ्या रांगेत बसले. लोक त्यांच्या आजूबाजूने वळून जात होते, पण उद्धटपणे नाही. एकदोघांनी तर वाकून नमस्कार केला. फोटोला केला की त्यांना, हे सांगता येणार नाही, दोघं एका रेषेत होते.

"मला बोलायचं आहे," बाबा उठून म्हणाले.

"जरूर," स्टेजवरून शैलेंद्रकाका म्हणाले. "लोकशाही आहे. दोन्ही बाजूंना समान वेळ मिळेल."

बाबा फारच मुद्देसूद बोलले. ती चूकच झाली. जन्मतारीख, पासपोर्ट, ब्लड रिपोर्ट. लोक फोन बघत होते. मग दुसऱ्या बाजूने एक काका उठले आणि नुसती आठवण सांगितली. त्यांची नोकरी गेली होती तेव्हा उपेंद्र नावाचा एक देवमाणूस रोज त्यांना घेऊन सीव्ही द्यायला फिरला होता. दोघं मुसफ्फाला वर्कशॉपच्या गल्ल्यांतून उन्हात हिंडले. उपेंद्रने स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. "आज तो माणूस नाही," ते म्हणाले आणि त्यांना पुढे बोलवेना. हॉलमध्ये सगळ्यांनी डोळे पुसले. बाबांनीही पुसले.

मला तेव्हा कळलं की आपण हरलो. वारलेले बाबा हयात बाबांपेक्षा कितीतरी चांगले होते. ते कुणाला नियम सांगत नव्हते.

हात वर करून मतदान झालं. बाबांनी हात वर केला तेव्हा शैलेंद्रकाका अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "ज्यांच्या असण्याबद्दलच ठराव आहे त्यांना त्यात मत देता येत नाही. हा नियम तुम्हीच लिहिलाय. स्वतःच्या प्रकरणात मत नाही." बाबांनी हात खाली घेतला, कारण नियम बरोबर होता. ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजणार होत्या, पण प्रसंग पाहून कुणी वाजवल्या नाहीत.

"दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली," काका म्हणाले.

सगळे उठले. बाबाही उठले, आणि स्वतःच्या फोटोसमोर मान खाली घालून उभे राहिले. एसीचा आवाज येत होता. खाली किचनमध्ये कुणीतरी भांडं पाडलं. मग सगळे बसले आणि बाबा उभेच राहिले. एकटेच. लोक चुळबुळायला लागले.

"बसा उपेंद्रराव," शैलेंद्रकाका म्हणाले.

माईक चालू होता. हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ते आलं, स्वच्छ. सगळ्यांनी ऐकलं. मी लोकांचे चेहरे बघत होतो. प्रत्येक चेहऱ्यावर ते पोचलं आणि तिथेच विझलं.

मी उभा राहिलो. मी ओरडलोच. "काका, तुम्ही आत्ता कुणाशी बोललात? कुणाला बसा म्हणालात?"

काका गडबडले नाहीत. "ते माझं वैयक्तिक मत होतं," ते म्हणाले. "मंडळाचा ठराव वेगळा आहे." मग हॉलकडे वळून त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "मात्र सभेत असा आरडाओरडा झाल्याची नोंद राहावी असं कुणालाच वाटणार नाही. माझ्या मते नीरव काही बोललाच नाही. पण माझ्या मताला काय किंमत? सभेला विचारू. ज्यांना वाटतं की नीरव आत्ता काही बोलला, त्यांनी हात वर करा. वैभवी, मोज."

आईचा हात आधी वर गेला. मी माझा वर करत होतो, पण मला मत नाही, आणि नियम मलाही लागू होता. मी इकडे तिकडे पाहिलं. माझ्या आवाजाने दचकून ज्या बाईंनी पाण्याचा ग्लास सांडला होता, त्या मांडी पुसत होत्या आणि त्यांचा दुसरा हात मांडीवरच होता.

बाबांनी हात वर केला. हा ठराव त्यांच्याबद्दल नव्हता, त्यामुळे कुठलाच नियम आड येत नव्हता. त्यांनी तो सरळ वर केला, कोपर कानाला लागेल इतका.

वैभवी बोटाने रांगा मोजत आली. आईपाशी बोट थांबलं. बाबांपाशी आलं, थोडं अडखळलं. तिने स्टेजकडे पाहिलं, आणि बोट पुढे गेलं.

"एक," ती म्हणाली.

"वैभवी, माझं राहिलं," बाबा म्हणाले.

ती ऐकत नव्हती. ऐकत नसताना माणूस जितका ताठ बसतो तितकी ताठ ती उभी होती.

"माझं मोजल्याशिवाय मी हात खाली घेणार नाही," बाबा म्हणाले.

"आता ज्यांना वाटतं की तो काहीच बोलला नाही," काका म्हणाले.

हात वर आले. समोरचे, मागचे, कडेचे, दाराशी उभ्या असलेल्यांचे. वैभवीचं बोट पुन्हा पहिल्या रांगेपासून निघालं. बाबांचा हात अजून वरच होता. आईने खालून त्यांच्या कोपराला आधार दिला.

"बाबा, खाली घ्या," मी म्हणालो. "बाबा, हात खाली!"

कुणीच वळून पाहिलं नाही, बाबांनीसुद्धा. ते वैभवीच्या बोटाकडे बघत होते. बोट रांगेतून सरकत आलं, त्यांच्यापाशी नेमकं थांबलं, आणि त्यांना मोजून पुढे गेलं.